मुकादमाचं काम

रविवार, १२ जानेवारी

नव्या जागी पहिल्या दिवशी जे दिसतं ते त्याच दिवशी लिहून ठेवावं, असं आजोबा सांगायचे. दुसऱ्या दिवशी डोळे निर्ढावतात. आमच्या गावी शाळा खाडीपलीकडे होती, त्यामुळे पाचवीपर्यंत त्यांनीच मला घरी पडवीत बसवून शिकवलं. रोजनिशीचा त्यांचा एकच नियम होता: झालं ते लिहायचं, व्हायला हवं होतं ते नाही.

तर, झालं ते असं. मी मुंबईला आले! मुलुंड पूर्व, सातवा मजला. हॉलच्या खिडकीतून हायवेपलीकडची मिठागरं दिसतात, उन्हात पांढरे ढीग. पद्मजामावशीने दारातच माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि विचारलं की एवढी वाळलीस कशी गं, तुझी आई तुला काय पुस्तकं खायला घालते का. विद्याधरकाका म्हणाले, आधी आत तर येऊ दे तिला, चौकशी आयोग नंतर बसव.

मावशी ही आईची मावसबहीण. तिची मुलगी जयंतीताई लहानपणी दर मे महिन्यात आमच्याकडे यायची आणि माझ्या शेजारी बसून आजोबांकडून पाढे म्हणायची. पवईतली ही नोकरी तिनेच शब्द टाकून मिळवून दिली. एका कंपनीच्या ॲपमधला मराठी मजकूर तपासायचा, आठवड्यातून दोनदा ऑफिस, बाकी घरून. ताई आता बंगळूरला असते. मार्चमध्ये तिचं बाळंतपण आहे. संक्रांत झाली की बुधवारी मावशी आणि काका तिकडे जातील, ते बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की येतील. तोवर घर माझ्याकडे. घर आणि मासे.

माशांची टाकी हॉलमध्ये आहे. आठ सोनेरी आणि एक काळा. काळ्याचे डोळे बाहेर आलेले, बटणांसारखे. तो सगळ्यांच्या मागून संथ फिरतो, जणू कोण काम करतंय आणि कोण नाही ते बघतोय, म्हणून काकांनी त्याचं नाव ठेवलंय मुकादम. काय गोड ध्यान आहे!

दाणे किती, पाणी कधी बदलायचं, नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत का काढून ठेवायचं, ते सगळं मावशीने शिकवलं. मग खुर्ची ओढून जवळ बसली. म्हणाली, मुकादम कधी गेला तर घाबरायचं नाही, रडायचं नाही. घरावर काही येणार असलं की ते काळा स्वतःवर घेतो आणि जातो. त्यासाठीच ठेवतात तो. काकांच्या बायपासच्या सकाळी आधीचा काळा असाच गेला आणि काका चालत घरी आले. त्याला खिडकीतल्या गोकर्णाच्या कुंडीत पुरायचं, आणि ज्या दिवशी आधीचा जातो त्याच दिवशी नवा काळा आणायचा. घर एक दिवसही मोकळं ठेवायचं नाही.

गोकर्ण निळ्या फुलांनी इतका लगडलेला आहे की मला हेवा वाटला होता. आता त्याचं कारण कळलं.

मरण्यासाठी एखादा जीव पाळायचा, हे मला काही बरं वाटलं नाही. मावशीला तसं बोलले नाही. पण मनाशी ठरवलं की सोपवलेली वस्तू जशी घेतली तशीच परत करायची. नऊच्या नऊ.

शनिवार, १८ जानेवारी

आज माझी वाट लागली होती. सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि सकाळपासून वीज नाही. टाकीतला पंप बंद. पाणी निपचित. मी वहीच्या पुठ्ठ्याने पाण्याला वारा घालत बसले. हात भरून आले. शेवटी रडवेली होऊन बंगळूरला फोन केला.

काका एवढे हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, अगं बाई, आपल्या जुन्या बिल्डिंगचा पुनर्विकास झाला तेव्हा हे मासे ठाण्याच्या भाड्याच्या घरात रंगाच्या डब्यात राहिले होते. बिल्डरच्या तारखा ऐकून माणसं खंगली, मासे लठ्ठ झाले. मुकादम तर एकदा उडी मारून सोफ्यामागे पडला होता. केरसुणीला लागला तेव्हा अंगावर धुळीचा थर होता. जयंतीने धुऊन पाण्यात सोडला, आणि साहेब लगेच दाण्याला आले. लोकांना मासा नाजूक वाटतो, पण त्याच्याइतकं चिवट काही नसतं.

संध्याकाळी वीज आली तेव्हा नऊही मासे काचेपाशी येऊन खायला मागत होते. मीच तेवढी उपाशी होते.

समोरच्या रुक्मिणीकाकू पिठलं घेऊन आल्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, आता मुलाकडे राहतात. टाकीकडे आणि माझ्या ताटाकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, काय गो चेडवा, इतके मासे समोर फिरतत आणि तू पिठलं खातंस? मी हसले. मुकादम काचेमागून आमच्याकडे बघत होता, तोही हसल्यासारखा वाटला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि हे सुख आहे. ऑफिस, घर, दाणे. मिठागरांतले ढीग वाढतायत.

दुपारी ताईचा फोन. तिचं नेहमीचंच: रेवे, माझे पाय बघशील तर हत्तीचे म्हणशील, चपलासुद्धा नवऱ्याच्या घालतेय यार. रक्तदाब थोडा वाढलाय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. मुलगी झाली तर तिलाही तुझ्या आजोबांसारखं घरी शिकवणार, तूच ये मास्तरीण म्हणून. मी हो म्हटलं.

मुकादम आज फिरला नाही. टाकीच्या कोपऱ्यात तोंड खाली करून थांबलाय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी तो तळाशी आडवा पडलेला दिसला. एका कुशीवर. कल्ला हलत होता, पण फार सावकाश. अंगावर राखेसारखा थर.

मी ऑफिसला सुट्टी सांगितली. जिथून मासे आणतात त्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, मॅडम, वेगळ्या बादलीत ठेवा, खडेमीठ घाला, खाणं बंद. नाही जगला तर नवा देतो ना, काळे कायम असतात आपल्याकडे. नवा देतो म्हणे! मावशीला कळवलं नाही. ताईच्या काळजीत आहेत, त्यात ही भर कशाला.

त्याला बादलीत ठेवलं, मोजून मीठ घातलं. तास गेले. काही फरक नाही. तो एका डोळ्याने वर बघत होता. दुसरं काय करावं ते सुचेना.

मग मी जे केलं ते लिहिते. आमची आजी वासरू आजारी पडलं तरी त्याची दृष्ट काढायची. मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि बादलीवरून उतरवल्या. आजीचे शब्द आपोआप तोंडात आले: जे आलं असेल ते उतरू दे, ज्याचं त्याला परत जाऊ दे. मग ती मूठ गॅसवर तव्यात टाकली. मोहरी ताडताड उडाली. मिरच्या जळून काळ्या झाल्या तरी ठसका लागला नाही, वाससुद्धा आला नाही. आजी म्हणायची, ठसका लागला नाही म्हणजे होतं काहीतरी, आणि ते गेलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मुकादम बरा झाला!

सकाळी बादलीत सरळ उभा. राखेचा थर गेला, अंग नव्या छत्रीसारखं काळंभोर. टाकीत सोडल्याबरोबर सरळ दाण्यावर आला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आजी असती तर तिला सांगितलं असतं.

रात्रीचं जेवण करताना मावशीचा फोन. ताईला दवाखान्यात ठेवलंय. काल संध्याकाळी एकदम डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. रक्तदाब खाली येत नाही. डॉक्टर म्हणतात, बाळाला अजून थोडे दिवस आत राहू द्यायचंय, पण आईला जपावं लागेल.

मी धीर दिला. मग मावशीने हळूच विचारलं, मुकादम कसा आहे गं?

तिला बरं वाटावं म्हणून मी उत्साहाने सांगितलं, एकदम झकास, आज तर दोनदा खाल्लं.

मावशीने पुन्हा विचारलं, नक्की? मग म्हणाली, बरं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काल सकाळी मावशीने विचारलं. काल संध्याकाळी विचारलं. आज पुन्हा. मुकादम कसा आहे. सुस्त वगैरे नाही ना. अगदी थोडासुद्धा?

मला तेव्हा कळलं, ती कुठल्या उत्तराची वाट बघतेय.

खोटं बोलता येत नाही मला. सांगितलं सगळं. सोमवारी कोपऱ्यात गेला, मंगळवारी आडवा पडला, मी वाचवला. मावशीने विचारलं, कशाने? मिठाने, म्हटलं. आणि दृष्ट काढली. ती म्हणाली, माशाची? मग म्हणाली, काय म्हणालीस दृष्ट काढताना?

मी शब्द सांगितले. ज्याचं त्याला परत.

फोन काकांनी घेतला. चिडून म्हणाले, हा काय मूर्खपणा लावलाय तुम्ही दोघींनी, इथे शिकलेले डॉक्टर आहेत, तू आपलं काम कर. पण फोन ठेवता ठेवता आवाज खाली आणून विचारलं, अजून पोहतोय का गं तो?

पोहतोय.

त्याने ताईवरचं घेतलं होतं. मंगळवारी तो घेऊन जाणार होता. मी ते त्याच्या अंगावरून उतरवलं आणि पत्ता सांगून परत पाठवलं.

हे खरं नाही. रक्तदाब आहे. पुष्कळ बायकांना होतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ताईचं मूत्रपिंड नीट चालत नाहीये. सूज डोळ्यांपर्यंत आलीय.

मी पंप बंद केला. आठ सोनेरी मासे आधी टबात काढले, त्यांचा काय दोष. मुकादम एकटा उरला. खाणं बंद. मला मुंगी मारवत नाही. मी काही करत नाहीये, फक्त करायचं थांबवलंय, असं स्वतःला सांगत राहिले. आजोबा असते तर या वाक्यावर लाल रेघ मारली असती.

तो मजेत आहे. निपचित पाण्यात संथ फिरतो. हॉलमध्ये गेले की काचेच्या त्या टोकाला, स्वयंपाकघरात गेले की या टोकाला. काचेवर पांढरी साय जमलीय. पुसली. जिभेला लावून पाहिली, मीठ. टाकीत मी मीठ घातलेलंच नाही. परत पुसली. परत जमली.

त्याच्यावर आता काहीच नाही. मी सगळं उतरवलं ना. मग तो मरेल कशाला?

रविवार, ९ फेब्रुवारी

भर दुपारी त्याला बाहेर काढला. फरशीवर ठेवला. त्याला माफ कर म्हटलं.

तो तडफडला नाही. पडून राहिला, तोंड उघडत, मिटत. ऊन खिडकीतून सरकत सोफ्यापर्यंत गेलं. अंग सुकलं, कागदासारखं. तोंड उघडतच होतं, मिटतच होतं.

रुक्मिणीकाकूंना बोलावून आणलं. त्या दर रविवारी बाजारातून आणलेले मासे स्वतः साफ करतात. म्हटलं, काकू, माझ्याकडून होत नाही, तुम्ही एकदा. त्या हसल्या, इतकाच ना गो, बांगड्यापेक्षा ल्हानसो आसा, असं म्हणत विळी घेऊनच आल्या. वाकल्या. मग तशाच वाकून राहिल्या. विळी मागे घेतली आणि म्हणाल्या, ह्या माझ्यान नाय होवचा. ह्यो मासो माझ्याकडे बघणा नाय गो. तुझ्याकडे बघता.

त्यांनी दार लावून घेतलं.

त्याला परत पाण्यात सोडला. सरळ दाण्याच्या जागी गेला.

सोमवार, १० फेब्रुवारी

पहाटे ताईला झटके आले. मावशी फोनवर नुसतं रेवती, रेवती म्हणत होती, पुढे काही नाही. दुपारनंतर ऑपरेशन. आई आणि बाळ, दोघांपैकी कोणाचीच खात्री नाही म्हणाले.

मी केलं ते मलाच निस्तरायला हवं. सोपवलं तसं परत.

भिंतीवर ताईचा फोटो आहे, आमच्या पडवीतला, पाटी घेऊन, शेजारी मी. मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या. फोटोवरून उतरवल्या. परत जाऊ दे म्हटलं नाही. परत पाठवायला आता कोण आहे? मोठ्याने, नीट, एकेक शब्द म्हटला: हिच्यावर जे आहे ते माझ्यावर येऊ दे.

तव्यात टाकलं. मोहरी उडाली नाही. धूर झाला असावा, कारण रुक्मिणीकाकू पदर नाकाला लावून दारात खोकत होत्या, अगो काय जाळतंस, जीव घेतंस काय आमचो. मला धूर दिसला. वास आला नाही. ठसका आला नाही.

मागे टाकीत पाणी हललं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मुलगी झाली. लहानशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडते खणखणीत. ताई शुद्धीवर आली. पहिलं वाक्य म्हणे, माझ्या चपला कुठायत. काका फोनवर हसत होते आणि रडत होते.

मावशी म्हणाली, गेला ना गं मुकादम? गुणी होता बिचारा. शेवटी केलं त्याने त्याचं काम.

मी टाकीकडे पाहिलं.

हो म्हटलं. आयुष्यातलं पहिलं खोटं. तिला एवढा आनंद झाला होता.

मावशी म्हणाली, कुंडीत पुरून टाक, हात जोड. दुकान आज बंद आहे, उद्या दुकानदार माणसाबरोबर नवा पाठवेल, मी सांगते फोन करून.

ताई वाचली. बाळ वाचलं. मुकादम पोहतोय, मजेत.

मग गेलं कोणाकडे, हे मला माहीत आहे. मीच तर सांगितलं.

भीती वाटते. आईला फोन लावला. तिचा आवाज ऐकला आणि काही सांगितलं नाही.

बुधवार, १२

सरळ उभं राहता येत नाही. डावीकडे कलते. भिंत धरली तरी. कुशीवर पडले की बरं वाटतं —

ओठांवर मीठ. पुसलं. परत —

हवा पुरत नाही. खिडकी उघडली. मिठागरं फार पांढरी आहेत. हवा आहे, पण ती आत — तोंड उघडते, मिटते —

फरशी गार आहे. इथूनच लिहिते. काचेतून मुकादम बघतोय. मी बादलीपाशी बसून बघत होते ना, अगदी तसाच. काळजीने. त्याला वाईट वाटतंय बहुतेक. त्याच्याकडे मीठ नाही, मूठ नाही —

टबातले आठही जण काठाशी आलेत. त्यांना दाणे घालायचे राहिले. मावशीला सांगा आठ सोनेरी जसे दिले तसे —

रुक्मिणीकाकू दार वाजवून गेल्या. चेडवा, चेडवा. ओ द्यायला तोंड उघडलं —

गोकर्णाला आज किती फुलं आली आहेत —

बेल वाजली. दुकानाचा माणूस असेल. मावशीने सांगितलंच होतं, नवा काळा त्याच दिवशी आणायचा असतो, ज्या दिवशी आधीचा —